उतरंड आणि आठ केबी

मे महिन्यात नागपूरला काहीही बिघडलं ना, की कारण एकच असते. ऊन. गाडी बंद पडली, ऊन. मोबाइल हँग झाला, ऊन. शेजारच्यांचं ठरलेलं लग्न मोडलं तरी कोणीतरी म्हणणारच की पोराच्या डोक्यावर ऊन चढलं असेल बापा. त्यामुळे २०१३ च्या मे महिन्यात आमच्या ऑफिसातला सर्व्हर रोज दुपारी तीन-साडेतीनला मान टाकायला लागला तेव्हा कोणालाच काही आश्चर्य वाटलं नाही, बाहेर ४७ च्या वर पारा, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, मग मशीनचं काय घेऊन बसला.

सर म्हणाले, "अबे तू मशीनला माणूस समज ना. तुला तीन वाजता गच्चीवर उभं केलं तर तू पडशील का नाई?"

पडेन. म्हणून मग सर्व्हरच्या खोलीत एक टनाचा एसी होता त्याच्या जोडीला एक कूलर आला, चांगला मोठा, लोखंडी बॉडीचा, बर्डीवरून आणलेला, नवीन वुडवूलचा तो ओला वास अजून माझ्या नाकात आहे. कूलर खिडकीत, समोर रॅक. म्हणजे विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या तोंडावर ओली हवा सोडून आम्ही त्याला थंड करत होतो. तेव्हा ते कोणालाच विचित्र वाटलं नाही, मलासुद्धा नाही.

ऑफिस नागपूरच्या सदर भागात, छोटंच. काम काय तर जुन्या नोंदवह्या स्कॅन करायच्या, प्रत्येक फाइलला नीट नाव द्यायचं, आणि ज्यांच्या आहेत त्यांना हार्डडिस्कवर भरून परत द्यायच्या. पंचवीस-तीस पोरं-पोरी, दोन शिफ्ट. मी सिस्टीम अ‍ॅडमिन, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मी आणि सर्व्हर पडला तरी मी. लिनक्सचा २.६.३२ कर्नल, म्हणजे मशीनचा सगळा कारभार हाकणारा गाभा, चार डिस्क एकत्र बांधणारं रेड, त्यावर जागा वाटून देणारं एलव्हीएम, त्यावर एक्सएफएस, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी फाइल सिस्टीम. असं एकावर एक. आणि एप्रिलमध्ये त्याच्यावर अजून एक थर चढला होता, पण ते मी सगळ्यात शेवटी कबूल केलं तसंच इथेही जरा थांबून सांगतो.

क्रॅशची गंमत अशी होती की स्क्रीनवर जे काही उमटायचं ते दर वेळी वेगळं. एकदा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मेला म्हणे. मग नवीन कार्ड आणलं. चार दिवसांनी मेमरीच्या कोणत्या तरी फंक्शनमध्ये, तर रॅम बदलली. मग एकदा शेड्युलरमध्येच, म्हणजे कर्नलचा जो भाग कोण कधी चालणार ते ठरवतो तिथे, आता तो कुठून विकत आणायचा. मी मोबाइलवर स्क्रीनचे फोटो काढून ठेवायचो, प्रत्येक फोटोत आरोपी दुसराच. हार्डवेअरवाला म्हणे आमच्याकडून सगळं ओके आहे, तुमचं सॉफ्टवेअर पाहा. ज्याला सॉफ्टवेअरचं विचारलं तो म्हणे हे हार्डवेअरच दिसते. दोघंही खरं बोलत होते असं आता वाटते. आपापल्या थरापुरतं खरं.

उन्हाची थिअरी जुलैत मेली. पाऊस पडला, कूलर झाकून ठेवायचे दिवस आले, अंबाझरीवर लोक कणसं खायला जायला लागले, आणि सर्व्हर पडला. दुपारी सव्वातीनला. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट विचार केला की बाबा रे, साडेतीनला ऊन असते हे ठीक, पण साडेतीनला अजून काय असते? शिफ्ट बदलते. सकाळची पोरं दिवसभराचं स्कॅनिंग एकदमच सर्व्हरवर ढकलतात आणि त्याच वेळी दुपारची पोरं आपल्या फाइली उघडायला घेतात. तीन महिने मी घड्याळाकडे पाहात होतो आणि मला थर्मामीटर दिसत होता.

आता ते एप्रिलचं. क्लायंटकडून निरोप आला की डेटा एनक्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, पाहिजे. बरोबरच आहे, लोकांच्या जमिनीचे कागद आहेत. पण डिस्का भरलेल्या, सगळं उपसून परत फॉरमॅट करायला वेळ कोणाला. तर मी शोधून काढलं ईक्रिप्टएफएस. २००६ साली २.६.१९ च्या कर्नलमध्ये आलेली, आयबीएमच्या मायकेल हॅलक्रॉ यांनी लिहिलेली फाइल सिस्टीम. तिची खुबी ही की तिला स्वतःची डिस्क लागत नाही. ती असलेल्या फाइल सिस्टीमच्या एका फोल्डरवर जाऊन बसते, वरून तुम्ही साधी फाइल लिहिता, ती गुंडाळून, कुलूप लावून खालच्या फाइल सिस्टीमला देते. पोटभाडेकरू समजा. वरच्याला वाटते हाच घरमालक, खालच्याला वाटते हा एक साधा भाडेकरू. फॉरमॅट नाही, सुट्टी नाही, फाइल सिस्टीम जोडायची एक माउंट कमांड मारली आणि झालं. मी इतका खूश झालो होतो की त्या दिवशी सगळ्यांना तर्री पोहे माझ्याकडून.

पहिली ठेच नावांना लागली होती, क्रॅशच्याही आधी, पण मी ती ठेच मानलीच नाही. आमची फाइलींची नावं मराठीत, देवनागरीत, लांबलचक. 'मौजा वाडी तालुका नागपूर ग्रामीण फेरफार नोंदवही १९५२' असं. लिनक्समध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा, देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खाते, काना-मात्रा-अनुस्वार पाय मोडलेलं सगळं वेगळं मोजायचं, म्हणजे ८५ चिन्हं. पुरून उरतात. पण ईक्रिप्टएफएसला नावंही लपवायची असली तर ती नावाला कुलूप लावते, त्याच्या पुढे स्वतःची एक लांब खूण चिकटवते, आणि ते कुलूपबंद नाव खालच्याच्या २५५ मध्ये बसवायचं असते, म्हणून तुमच्या हातात उरतात फक्त १४३. म्हणजे सत्तेचाळीस चिन्हं. वर दिलेलं नाव मी त्या वेळी बसून मोजलं होतं, १३९ बाइट, त्यात टिफचं (.tif) शेपूट लावलं की बरोबर १४३. काठोकाठ. त्यात कोणी नुसतं 'पान' हा शब्द घातला की गेलं, नाव फार मोठं आहे म्हणून एरर. इंग्रजीत नाव देणाऱ्याला हे वर्षभर कळणार नाही, आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. मी काय केलं? पोरांना सांगितलं 'तालुका' च्या जागी 'ता.' लिहा.

खरं तर तिथेच समजायला पाहिजे होतं. वरचा थर म्हणते मी पूर्ण फाइल सिस्टीम आहे, पण त्याचं माप खालच्याच्या मापातून कापलेलं असते, आणि किती कापलंय ते तुम्ही आपटल्याशिवाय कळत नाही.

दुसरं माप होतं स्टॅकचं.

हे थोडं सांगावंच लागेल, कॉम्प्युटरवाले नसाल तर दोन मिनिटं सहन करा. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, दुसरं तिसऱ्याला, आणि प्रत्येकजण आपलं सामान, परत कुठे जायचं त्याचा पत्ता वगैरे, एका जागेवर ठेवत जाते, ती जागा म्हणजे स्टॅक. तुमचा आमचा साधा प्रोग्राम लिनक्सवर चालतो तेव्हा त्याला सहसा आठ एमबी स्टॅक मिळतो. तोच प्रोग्राम कर्नलच्या दारातून आत गेला, म्हणजे फाइल लिही म्हणाला, की आतलं काम ज्या स्टॅकवर होते तो त्या काळी ६४ बिटच्या मशीनवर होता आठ केबी. एमबी नाही, केबी. चार केबीची दोन पानं, बस. कारण प्रत्येक धाग्याला, थ्रेडला, स्वतःचा वेगळा स्टॅक लागतो, हजार थ्रेड तर हजार स्टॅक, आणि ती दोन पानं मेमरीत एकमेकांना चिकटून मिळायला हवीत. त्यामुळे कर्नलवाले कंजूस. कंजुषी इतकी की ३२ बिटच्या काळात तो चार केबी करायचाही पर्याय होता, काही डिस्ट्रोंनी, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्यांनी, तो लावलाही, आणि २०१० मध्ये तो काढून टाकला तेव्हा एक्सएफएसवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला असणार.

आता आमच्या सर्व्हरवर एक फाइल लिहिली की काय होत होतं ते पाहा. लिहा अशी हाक आली, कर्नलच्या सामाईक फाइल थरात गेली, तिथून ईक्रिप्टएफएस, तिने क्रिप्टोला, म्हणजे कर्नलमधल्या कुलूपवाल्याला, बोलावलं, कुलूप लावून झाल्यावर तिने पुन्हा त्याच सामाईक थराला हाक मारली, म्हणजे एकाच दारातून दुसऱ्यांदा आत, तिथून एक्सएफएस, त्याला जागा शोधायची म्हणून त्याची ती नोंदींची झाडं धुंडाळणं, त्यात कुठेतरी थोडी मेमरी मागितली. मेमरी नाही, शिफ्ट बदलतेय ना. तर कर्नल म्हणते थांब, जुनी पानं डिस्कवर लिहून जागा करून देतो, आणि ती पानं लिहायला तो त्याच स्टॅकवर उभा राहून पुन्हा फाइल सिस्टीममध्ये शिरतो. पुन्हा एक्सएफएस, पुन्हा झाडं, आणि शेवटी डिस्कचा ड्रायव्हर. प्रत्येकजण आपलं दोनशे-तीनशे बाइटचं गाठोडं ठेवून पुढे. कोणीच उधळ्या नाही. प्रत्येकाचं गाठोडं वाजवी. पण आठ हजार एकशे ब्याण्णव बाइट सगळ्यांत मिळून आहेत आणि त्यातले किती उरले हे विचारायची कोणाला सवय नाही, कारण प्रत्येकाने आपला कोड लिहिताना, तपासताना, आपण जमिनीवर उभं आहोत असंच धरलेलं.

आणि स्टॅक भरला तर? आज भरला तर लगेच कळते, तेव्हा नाही कळायचं. त्या स्टॅकच्या अगदी तळाशी कर्नल त्या थ्रेडची ओळखपत्रासारखी माहिती ठेवायचा, हा कोण, याची स्थिती काय. स्टॅक वरून खाली वाढत येतो. सांडला की सगळ्यात आधी ते ओळखपत्र पुसते, मग त्याच्या पलीकडे ज्या कोणाची मेमरी असेल त्याची. आणि सांडणारा तर आपलं काम उरकून निघूनही गेलेला असतो! मग थोड्या वेळाने शेड्युलर येतो, पुसलेलं ओळखपत्र हातात घेतो, आणि तो मरतो. किंवा नेटवर्कवाला. स्क्रीनवर त्याचं नाव. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि मी तीन महिने एकेका संन्याशाचे पार्ट बदलत होतो.

सापडलं कसं, तर कर्नलमध्येच एक स्टॅक मोजायची सोय असते, चालू करून ठेवली की आजवर सगळ्यात खोल कोण गेलं त्याची यादी ठेवते, प्रत्येक फंक्शनसमोर त्याने किती बाइट खाल्ले ते. मी ती लावून ठेवली आणि तीन वाजता चहा प्यायलाही उठलो नाही. यादी वाढत गेली. पाच हजार. सहा हजार शंभर. मग सात हजारांच्या वर गेली आणि मी स्क्रीनकडे पाहात बसलो होतो तेवढ्यात मशीन बसलं, पण यादीचा फोटो काढून झाला होता. पन्नासच्या वर नावं एकाखाली एक. वरून खाली वाचत गेलो तर मधोमध तीन-चार ओळी ईक्रिप्टएफएसच्या.

ती यादी पाहून मला जे आठवलं ते कॉम्प्युटरचं नव्हतंच. काटोलकडच्या गावात आजीच्या माजघरात उतरंड असायची. आता हा शब्द फक्त पेपरातल्या अग्रलेखात उरलाय, जातीची उतरंड वगैरे, पण आमच्या लहानपणी ती खरी वस्तू होती. खाली जवारीचा मोठा रांजणवजा माठ, त्याच्यावर तुरीच्या डाळीचं मडकं, त्याच्यावर मिठाचं, सगळ्यात वर एक लहानसं गाडगं, त्यात सुट्टे पैसे. चारच. आजीचा नियम होता, उतरंड चाराची. एका उन्हाळ्यात मी आणि चुलतभावाने चिंचा चोरून आणल्या आणि लपवायला जागा पाहिजे म्हणून एका पाचव्या गाडग्यात भरून वर ठेवल्या. गाडगं हलकं, चिंचा हलक्या, ठेवलं तेव्हा काही झालं नाही. दोन दिवसांनी आजीने डाळ काढायला म्हणून वरची मडकी उतरवायला हात घातला, आणि सगळं खाली. मार बसला तो त्या मांजराला, कारण ते तिथे बसलेलं सापडलं. आम्ही सांगितलं नाही. रात्री आजी खापऱ्या गोळा करता करता स्वतःशीच म्हणत होती, चिंचा दिसल्या होत्या तिला, "अरे, कोणाच्या भरवशावर ठेवलं रे वर?"

तर पाचवं मडकं यावेळीही मीच ठेवलं होतं. सरांना सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे कूलरची गरज नव्हती."

उपाय फार हुशारीचा नव्हता, मेहनतीचा होता. कुलूप वरून काढून खाली न्यायचं. फाइल सिस्टीमच्या वर बसून एनक्रिप्शन करण्याऐवजी डिस्कच्या पातळीवर करायचं, डीएम-क्रिप्टने. आता तुम्ही म्हणाल थर तर तेवढेच राहिले की. संख्या तेवढीच, पण खालच्या थरांची चालीरीत वेगळी आहे. ब्लॉकवाल्यांना, म्हणजे रेड-एलव्हीएमच्या दुनियेला, हाच रोग आधी झाला होता. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला बोलावत स्टॅक खायचे. २००७ मध्ये २.६.२२ च्या कर्नलमध्ये नील ब्राउन यांनी ते वळण तोडलं, खालच्याला थेट आत शिरून बोलवायचं नाही, काम एका रांगेत ठेवायचं आणि परत फिरायचं, रांग एकजण उपसेल. उतरंडीची पंगत केली म्हणा ना. शिवाय डीएम-क्रिप्ट कुलूप लावायचं काम वेगळ्या कामगार थ्रेडला देते, त्याचा स्टॅक वेगळा. फाइल सिस्टीमच्या थरांना असं सहजासहजी करता येत नाही, कारण फाइल उघड म्हटल्यावर उघडली का नाही हे विचारणाऱ्याला तिथल्या तिथे पाहिजे असते, लॉक धरून तो दारात उभा असतो.

पोळ्याच्या सुट्टीत केलं ते. सगळा डेटा बाहेर, डिस्का पुन्हा बांधल्या, परत आत. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी मारबत होती, म्हणजे नको ते सगळं 'घेऊन जा' म्हणून ओरडायची नागपूरची मिरवणूक, आणि मी सदरमध्ये एकटा प्रोग्रेस बारसमोर, आणि मित्राने महाल भागातून फोन लावून ठेवलेला, मागे ढोल आणि 'घेऊन जा गे मारबत' चा गजर, तो ओरडतोय, "अबे तुझं काय पाठवायचं?" मी म्हटलं कर्नल पॅनिक, कर्नल मान टाकतो त्याला हेच म्हणतात. त्याने खरंच ओरडून टाकलं, कर्नल पॅनिक घेऊन जा गे मारबत. आजूबाजूच्यांना कोण्या मिल्ट्रीच्या कर्नलबद्दल वाटलं असेल.

सर्व्हर त्यानंतर पडला नाही. आणि नावं पुन्हा ८५ चिन्हांची झाली, 'ता.' चं 'तालुका' करायला एका पोरीने आठवडाभर घातला. सर्व्हरचं काय झालं होतं हे मी तिला सांगायचा प्रयत्न केला, ती म्हणाली, "दादा, म्हणजे आधीच नीट केलं असतं तर?"

हो.

नंतर कामाधामात हा विषय सुटला नाही, मला त्याचा नादच लागला म्हणा. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, ३.१५ च्या कर्नलमध्ये ६४ बिटवरचा स्टॅक आठचा सोळा केबी झाला, मिनचान किम यांचा पॅच. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला, की हे म्हणजे माजघराचं छप्पर उंच केलं. त्यापेक्षा मला आवडलं ते त्याच वर्षीच्या शेवटी ३.१८ मध्ये झालेलं. ओव्हरलेएफएस आली, दुसऱ्या फाइल सिस्टीमवर बसणारीच, मिक्लोश सेरेदी यांची, चार वर्षं दारात उभी होती, आणि तिच्यासोबत एक नियम आला. प्रत्येक माउंटच्या अंगावर एक आकडा, मी कितव्या मजल्यावर आहे त्याचा. जमिनीवरच्याचा शून्य. कोणावर बसायचं तर त्याचा आकडा अधिक एक. आणि दोनच्या वर माउंटच होणार नाही, कर्नल सरळ नाही म्हणेल. दोन! इतक्या संशोधनानंतर, नव्वदच्या दशकापासून लोक थर रचायची स्वप्नं पाहात होते, कितीही फाइल सिस्टीम एकमेकांवर लेगोसारख्या ठेवू म्हणून, आणि शेवटी आकडा आला दोन. आजीचा चार होता.

बीएसडी ही लिनक्ससारखीच दुसरी सिस्टीम, तिच्यावाल्यांकडे तर आकडाही नव्हता, इशारा होता. फ्रीबीएसडीमधल्या अशाच थरांच्या फाइल सिस्टीमच्या माहितीपानावर वर्षानुवर्षं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं की हे पूर्ण नीट नाही, म्हणजेच चालत नाही, तुमचा डेटा उडवू शकते, स्वतःच्या जबाबदारीवर वापरा, आणि त्याच दमात, कुत्र्यापासून सावधान, ओलं असताना घसरतं. हसू येते पण मला ती पाटी फार प्रामाणिक वाटते. माझ्या त्या एका माउंट कमांडने मला असं काहीच सांगितलं नव्हतं.

आणि दोनच्या आकड्यानेही सगळं भागलं नाही. २०१६ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधली भोकं शोधणाऱ्या टीममधल्या, यान हॉर्न यांनी ईक्रिप्टएफएसचंच प्रकरण उकरून काढलं. त्यांनी ती बसवली प्रॉकवर. प्रॉक म्हणजे ती फाइल सिस्टीम जिच्यात खऱ्या फाइली नसतातच, चालू प्रोग्रामांच्या आतली माहिती फाइलीच्या वेषात दिसते. मग एका प्रोग्रामच्या मेमरीत दुसऱ्याची अशी फाइल जोडली, दुसऱ्यात तिसऱ्याची, अशी साखळी. पहिल्याची वाचायला गेलं की पान सापडत नाही म्हणून दुसऱ्याकडे, तिथेही नाही म्हणून तिसऱ्याकडे, सगळं एकाच स्टॅकवर. माउंटचे मजले मोजणाऱ्याला हे दिसलंच नाही, कारण मजले वाढलेच नव्हते, जिना गोल फिरत होता. आणि हे उबुंटू या लिनक्सच्या साध्या युजरला करता येत होतं, ज्याला आपलं खाजगी फोल्डर कुलूपबंद करायची सोय दिली होती त्यालाच. नुसता क्रॅश नाही, ते तळाचं ओळखपत्र मुद्दाम पुसून, आपल्याला पाहिजे ते लिहून, सगळं मशीन हातात. दुरुस्तीतला एक तुकडा मला इतका आवडला की तो मी आमच्या पोरांना सांगतो. प्रॉकने आपला मजल्याचा आकडा आधीच शेवटचा लावून घेतला. म्हणजे जमिनीवर बसून सांगायचं की माझी उंची भरली, माझ्यावर कोणी बसू नका.

त्याच वर्षाच्या शेवटी ४.९ आला. त्यात स्टॅकच्या कडेला एक रिकामं पान ठेवायची सोय आली, त्याला पाय लागला की तिथल्या तिथे बोंब, आणि ते ओळखपत्र स्टॅकच्या तळातून उचलून दुसरीकडे नेलं. हे दोन बदल २०१३ मध्ये असते तर क्रॅश तर तसाच झाला असता, पण पहिल्याच दिवशी खरं नाव दिसलं असतं.

आता तर सगळा जमानाच थरांचा आहे. डॉकर, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट डब्यात भरून चालवायचं साधन, ते तरी काय, थरावर थर, खालचे वाचायचे, वरचा एकच लिहायचा. मी रोज वापरतो, परसोडीच्या आयटी पार्कमध्ये बसून त्याचाच पगार घेतो. ओव्हरलेमध्ये खालची फाइल बदलायला गेलं की ती आधी वर कॉपी होते, आणि बरीच वर्षं अशी गंमत होती की एकाने ती आधी वाचायला उघडून ठेवली असेल तर त्याच्या हातात जुनीच राहायची, दुसरा नवीनवर लिहितोय, दोघांनाही वाटते आपण एकच फाइल पाहतोय. सॉफ्टवेअर बसवणारे यम (yum) सारखे प्रोग्राम आपल्या डेटाबेसबाबत यात अडकायचे, त्यांच्यासाठी वेगळं प्लगिन करावं लागलं. तिच्या कागदपत्रात अजून एक वाक्य आहे, की वरचा माउंट चालू असताना खालच्या थराला हात लावू नका, लावलात तर काय होईल सांगता येत नाही, पण क्रॅश किंवा डेडलॉक होणार नाही. कितीतरी लोकांच्या दुपारी खर्ची पडल्यावर लिहिता आलेलं वाक्य आहे ते.

परवा बाबांना घेऊन कामठी रोडने येत होतो, गड्डीगोदामला अडकलो. बाबा सरकारी बांधकाम खात्यातून रिटायर. खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहात होते. खाली आपण, त्याच्यावर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. चार थर. वर्धा रोडचा तो ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर, ज्याचं २०२२ मध्ये गिनेसमध्ये नाव लागलं, तो त्यांना बघून झालाय, पण हे त्यांना जास्त आवडते, मध्ये चालू रेल्वे आहे म्हणून. मी म्हटलं बाबा, भीती नाई वाटत, इतकं एकावर एक? ते म्हणाले, "कायले? पाया टाकायच्या आधीच वरचं वजन कागदावर असते. मागून आठवलं म्हणून कोणी मेट्रो नाई नेऊन ठेवत."

मी एप्रिल २०१३ बद्दल काही बोललो नाही.

ते ऑफिस पुढे दोन वर्षांनी दुसऱ्या जागी गेलं तेव्हा सामान विकायला काढलं होतं, सरांनी मला विचारलं तुला काही पाहिजे का, आणि मी तो कूलर मागितला. सर हसले, पैसे घेतले नाहीत. तो अजून आमच्या हॉलमध्ये चालून राहिला आहे, दोनदा वुडवूल बदललं, एकदा रंग दिला. फक्त त्याचा पंप दर उन्हाळ्यात एकदोनदा अडकतो, पाणी वर चढत नाही, मग आई स्वयंपाकघरातून ओरडते आणि मी जाऊन बाजूने एक बुक्की मारतो आणि तो सुरू होतो. का सुरू होतो ते मी अजून उघडून पाहिलेलं नाही. बाबा म्हणतात ऊन आहे, होते असं.